जिभेने घातलेला गोल

गोलकीपर उडालाच नाही.

कॉर्नरचा बॉल उंचावरून आला, गोलच्या तोंडाशी पोरांची झुंबड उडाली, आणि सगळ्या मॅचभर मांजरासारखा इकडून तिकडे झेपावणारा तो लांब हातांचा पोरगा नेमका त्याच वेळी हात खाली सोडून उभा राहिला. बॉल माझ्या नातवाच्या कपाळाला लागून आत गेला. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. कवळी बसवल्यापासून शिट्टी वाजवता येत नाही, नाहीतर तीही वाजवली असती.

मग टाळ्या वाजवता वाजवता माझ्या लक्षात आलं की रेफरी मधल्या रेषेकडे वळायचं सोडून नातवाकडे चाललाय. त्याने नातवाला काहीतरी विचारलं. नातवाने दोन्ही तळवे वर केले, मी काय केलं अशा थाटात. रेफरीने गोलकीपरला विचारलं. गोलकीपरने मान हलवली आणि हातमोजे चड्डीला पुसत राहिला. गोल दिला गेला, सेमीफायनल आम्ही जिंकली. पण मॅच संपल्यावर रेफरी क्लबच्या टेबलाशी सेक्रेटरीबरोबर बराच वेळ उभा होता आणि दोघेही मधूनमधून माझ्याकडे बघत होते. या वयात कुणी टक लावून बघितलं की बाईने घाबरावं. कौतुकाने कुणी बघत नाही.

फायनल पुढच्या रविवारी होती. ती बघायला एका मोठ्या क्लबचा माणूस येणार होता, त्यांच्या ज्युनियर टीमसाठी पोरं निवडायला. माझ्या नातवाला लहानपणापासून आयुष्यात एवढी एकच गोष्ट हवी होती.

संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला. इथे माझ्या वयाच्या बाईला सगळे माशिमा म्हणतात, म्हणजे मावशी. "माशिमा, उद्या सकाळी जरा क्लबात याल? तुमचा नातू त्या गोलकीपरच्या कानाशी काहीतरी बोलला. रेफरीने ऐकलं, पण बंगाली नव्हतं, हिंदी नव्हतं. शिवी होती असं त्याला वाटतं. गोलकीपरला विचारलं तर तो म्हणतो, अर्थ माशिमांना विचारा. त्या सांगतील तो मला मान्य."

फोन ठेवला तेव्हा माझ्या हातात वरणासाठी घेतलेली हिंगाची डबी होती. ती मी फ्रीजमध्ये ठेवली.

तो गोलकीपर कोण, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो कलकत्त्यात, बालीगंजमधल्या आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. आईवडील दोघंही नोकरीला, त्यामुळे शाळा सुटली की माझ्या नातवाबरोबर सरळ वर. माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून हा बंगाली पोरगा मराठी शिकला, आणि असा शिकला की माझा नातू "मी पाणी पिली" म्हणाला की तो म्हणायचा, "प्यायलो. तू मुलगी आहेस का?" नातवाला आजही सदतीस आणि सत्तेचाळीस यांतला फरक पटकन कळत नाही. त्या पोराला मी पाढे शिकवले, म्हणी शिकवल्या. पुढे त्याचं कुटुंब शहराच्या दुसऱ्या टोकाला, डमडमला गेलं, तो तिकडच्या क्लबाकडून खेळायला लागला, येणं कमी झालं आणि मग बंद झालं. का बंद झालं ते दोघांनीही मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आता आमच्याबद्दल. कलकत्त्यातली आम्ही मराठी माणसं घराबाहेर पडलो की मराठी पडद्यासारखी वापरतो. दुकानदारासमोर उभं राहून "महाग लावतोय, चल पुढे" म्हणायचं. लिफ्टमध्ये शेजाऱ्यांच्या सुनेचा ब्लाउज कसा बसलाय ते बोलायचं. मेट्रोत तर विचारूच नका. पोरांनाही आपण हेच शिकवतो, आणि वर कौतुकाने म्हणतो, एवढ्यासाठी तरी भाषा टिकली.

या कलेत मी फार जुनी. नवऱ्याची बँकेतून बदली झाली आणि सांगलीची एक वेणीवाली शहाणी या शहरात आली. शाळेत कबड्डी खेळलेली, आवाज मोठा, अक्कल त्या मानाने कमी. नवऱ्याबरोबर ट्रामने जाताना समोरच्या माणसाच्या पोटावर तिने भरपूर विनोद केले. या पोटाला वेगळं तिकीट पडत असेल का, वगैरे. नवरा बिचारा खिडकीबाहेर बघत होता. स्टॉप आला, तो माणूस उठला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "वहिनी, पोट माझं आहे हे कबूल. पण मघापासून तुमची चप्पल माझ्या पायावर आहे." रेल्वेत होता म्हणे, नागपूरला वर्षानुवर्षं काढलेली.

यातून त्या बाईने काय धडा घ्यावा? शहाणपण आलं नाही. फक्त आवाज खाली आला. पुढे कितीतरी वर्षं ती हा किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगायची, स्वतःच हसायची, आणि दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये हळू आवाजात तेच करायची. नातवानेही तो किस्सा माझ्या मांडीवर बसून ऐकलेला आहे.

त्या संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा घरात सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. शब्द कोणता ते मुलाने नातवाकडून काढून घेतलं होतं. तो शब्द मी इथे लिहीत नाही. ज्या पुरुषाला पुरुष आवडतात त्याला मातीत घालायला आपल्याकडे जे शब्द आहेत, त्यांतला सगळ्यात घाणेरडा. त्याला दुसरा कुठलाही अर्थ नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याच्या चुलत भावांकडून शिकून आला होता. त्यांच्याकडे एवढे दिवस राहून मराठी सुधारली नाही, पण हे बरोबर उचललं.

"आई, सोपं आहे," मुलगा म्हणाला. "गाढव म्हणून सांग. मराठीत गाढवाला असं म्हणतात. कोण तपासायला येणार आहे?"

"तो पोरगा आहे ना तपासायला."

"तो तर म्हणालाय, तू सांगशील ते मान्य."

सुनेने आमटीची वाटी माझ्यापुढे जरा जोरात ठेवली. "पहाटे उठून त्याला मैदानावर मी नेलंय, आई. तापात नेलंय. पावसात नेलंय. एका शब्दासाठी हे सगळं घालवायचं?"

"मैदानावर पोथी वाचतात का?" मुलगा म्हणाला. "तू कबड्डी खेळायचीस. तुम्ही काय आरत्या म्हणायचात?"

"आम्ही चिमटे काढायचो," मी म्हटलं. "पकडले गेलो की बाहेर बसायचो."

कुणी हसलं नाही. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर सून तरी हसते.

नातू ताटाकडे बघत म्हणाला, "सगळेच म्हणतात. मलापण म्हणतात. त्याचा काही असा मिनिंग नसतो."

जेवण झाल्यावर तो गॅलरीत बसून जुन्या टूथब्रशने बुटांच्या खिळ्यांमधला चिखल काढत होता. मी शेजारच्या वेताच्या मोढ्यावर बसले.

"तुला वाटलं, कुणाला कळणार नाही?"

"रेफरीला नाही कळला मिनिंग."

"आणि त्याला?"

ब्रश चालूच होता.

"तो आपल्या घरी पाढे म्हणायचा. तुझ्यापेक्षा बरे."

"माहीत आहे."

"मग बंगालीत का नाही म्हणालास? तुझी बंगाली तर पक्की आहे."

"बंगालीत म्हटलं असतं तर कार्ड मिळालं असतं."

"म्हणजे रेफरीला कळू नये आणि त्याला कळावं."

ब्रश थांबला. खाली रस्त्यावर टॅक्सीवाल्यांची कसलीतरी बाचाबाची चालली होती. ती संपेपर्यंत मी मनात त्याची बाजू मांडत होते: खेळाची गरमी, जीभ घसरली, पोरसवदा वय. पण घसरलेली जीभ भाषा निवडत बसत नाही. याने निवडली होती. नेम धरून, कॉर्नरच्या आधी, कानाशी जाऊन. आणि ही युक्ती त्याने पुण्याहून आणलेली नव्हती. ती ट्राममधून आली होती.

"आजी," तो म्हणाला, "तू उद्या काय सांगणार?"

"माहीत नाही," मी म्हटलं. हे खरं होतं.

सकाळी क्लबाच्या बाहेरच्या बाकावर तो पोरगा आधीच येऊन बसला होता. डमडमहून मेट्रोने एकटा आलेला, घरी सांगितलं होतं की नाही कोण जाणे. मला बघून उठला आणि पूर्वीसारखा वाकून पाया पडला. नातू आणि सून सरळ आत गेले. मी मुद्दाम मागे राहिले.

"काही खाल्लंस का?"

"आजी, आज ते विचारू नका ना."

"बरं. मग हे सांग, अर्थ तू स्वतः का नाही सांगितलास?"

"मी सांगितला असता तर ते म्हणाले असते, एवढं काय लागलं तुला? मग सगळे माझ्याकडे बघत बसले असते. कॅलक्युलेट करत." त्याने बाकाच्या सुटलेल्या रंगाचा पोपडा नखाने काढला. "तुम्ही सांगितलं तर ते त्याच्याकडे बघतील."

त्याला का लागलं, हे मी विचारलं नाही. तो कसा आहे, कुणावर प्रेम करतो, हे मला माहीत नाही, आणि एका शब्दाच्या निमित्ताने ते विचारायचा हक्क मला मिळत नाही.

"आणि मी खोटं बोलले तर?"

तो जरासा हसला. "तर मी मान्य म्हणेन. बोललोय ना तसं."

"फार शहाणा झालायस."

"तुमच्याच घरात झालोय." मग हसू गेलं. "त्या सगळ्या ग्राउंडवर ती भाषा कळणारा मी एकटाच होतो, आजी. म्हणजे तुम्ही होता, पण तुम्ही लांब. तो शब्द बाकी कुणासाठी नव्हताच. मला वाटतं की त्या सगळ्यांना तो एकदा ऐकू यावा. जसा मला आला तसा."

आत क्लबाच्या खोलीत टेबलामागे दोघं बसले होते. एक सेक्रेटरी, आणि दुसरे जुने खेळाडू, आता गुडघ्याला पट्टा बांधलेले, ज्यांना सगळे दादू, म्हणजे आजोबा, म्हणतात. सून भिंतीशी बसली होती. नातू टेबलासमोर उभा. गोलकीपर माझ्या मागून येऊन दाराशी उभा राहिला. बोलणं अर्थातच बंगालीत.

"माशिमा, आमच्या वेळी तर सुरुवातच आईवरून व्हायची," दादू चहाचा कप पुढे घेत म्हणाले. "पोरं मोठी व्हायची त्यातून. पण रेफरीने तक्रार केलीये, तेव्हा विचारणं भाग आहे."

"अर्थ तेवढा सांगा," सेक्रेटरी म्हणाले. "शिवी नसेल तर विषय संपला."

रस्ताभर मी दोन वाक्यं तयार करत आले होते. एक खरं, एक खोटं. दोन्ही चांगल्या बंगालीत. खोटं जास्त सफाईदार झालं होतं. सून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तापात, पावसात.

"मी सांगत नाही," मी म्हटलं. "ज्याने म्हटलं तो इथेच उभा आहे. त्याची बंगाली माझ्यापेक्षा चांगली आहे. त्याला सांगू द्या."

हे बोलून मी स्वतःला फार धूर्त समजले. सांगलीची ती वेणीवाली अजून मेलेली नाही. कात्रीत सापडली की टोचायची सुई ती दुसऱ्याच्या हातात देते. पण नातू माझ्याहून धूर्त निघाला. त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "गाढव. म्हणजे गाढवासारखाच एक वर्ड आहे."

दादूंनी हसून हात उडवला. सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं. "असं का, माशिमा?"

आता सुई पुन्हा माझ्याच हातात होती. नातवाच्या डोळ्यांत मला त्याचं लहानपण दिसलं. मांजा अडकला की याच डोळ्यांनी तो माझ्याकडे बघायचा. मागे दाराशी मी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. तिकडून एक शब्द आला असता तर माझी सुटका झाली असती, आणि तो पोरगा तो शब्द देणार नव्हता. त्याने कबूल केलं होतं.

"नाही," मी म्हटलं. सगळ्यांना कळावं म्हणून बंगालीत. मग नातवाला, तेही बंगालीत, "नीट सांग."

सुनेची खुर्ची फरशीवर कर्कश वाजली. ती उठली नव्हती, नुसती हलली होती.

नातवाचे कान लाल झाले. मग त्याने तो शब्द बंगालीत सांगितला. मराठीत कानाशी पुटपुटलेला तो शब्द त्या खोलीत, पंख्याखाली, चार मोठ्या माणसांच्या मधे मोठ्याने पडला. जो शब्द तो आणि त्याचे मित्र दिवसातून कितीदा तरी सहज एकमेकांना म्हणतात, तो म्हणताना त्याचा आवाज फुटला. दादूंनी उचललेला कप तसाच खाली ठेवला.

मग दादूच म्हणाले, "बरं. वाईट आहे. माफी मागू दे, हात मिळवू दे दोघांना. पोरं आहेत. फायनल आहे त्याची."

सेक्रेटरी मान डोलवायला लागले. त्यांनाही फायनल जिंकायची होती, आणि आमच्याकडे गोल करणारा एवढा एकच.

"दादू," मी म्हटलं, "याने तो बॉल हाताने ढकलला असता तर?"

"तर काय, फाऊल. कार्ड."

"याने जिभेने ढकलला. हा गोलकीपर उडाला नाही, तुम्ही बघितलंत. का नाही उडाला?"

दादूंनी गुडघ्यावरचा पट्टा सैल केला, परत आवळला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी गोलकीपरकडे बघितलं, मग पटकन खाली. "मग आता काय, गोल काढून घ्यायचा? निकाल लागलाय."

"गोल नाही काढता येत," मी म्हटलं, "तर गोल करणाऱ्याला काढा." आणि हे म्हणताना मी खुर्चीचा हात धरून ठेवला.

फायनलला तो खेळणार नाही, असं ठरलं. सेक्रेटरींनी दोघांना हात मिळवायला सांगितलं. नातवाने हात पुढे केला. गोलकीपर म्हणाला, "आज नको," आणि मला "येतो आजी" म्हणून निघून गेला.

तो आठवडा घरात कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. सून माझा चहा टेबलावर ठेवून न बोलता निघून जायची. साखर मात्र बरोबर घालायची. रागातही तिचा हात चुकत नाही. एका संध्याकाळी मुलाने विचारलं, "यातून काय मिळवलंस? शिक्षेने कुणाची जीभ सुधारते?"

"नाही सुधारत," मी म्हटलं. "माझी कुठे सुधारली? त्या ट्राममधल्या माणसाने चारचौघांत कान उपटले तरी मी नुसती हळू बोलायला लागले."

"मग?"

"मग काय. पुढच्या कॉर्नरला त्या पोराला उडता आलं पाहिजे. एवढंच. तुझा पोरगा सुधारतो की नाही ते तू बघ, तुझा आहे."

नातू आतून ऐकत होता. बाहेर येऊन म्हणाला, "तुला तो जास्त आवडतो."

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं, त्याची मराठी चांगली आहे, म्हणून. नेहमीचं फटकळ उत्तर. या खेपेला गिळलं. त्याला तेव्हा चेष्टा नको होती. मी म्हटलं, "रविवारी माझ्या शेजारी बस." तो आत गेला.

रविवारी आला आणि बसला. घरच्या शर्टात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, गुडघे एकमेकांवर आपटत. मोठ्या क्लबचा तो माणूस टोपी घालून मंडपात बसला होता, आणि दर वेळी आमचा कुणी पोरगा गोलसमोरून बॉल वर मारायचा तेव्हा नातवाचा पाय जागच्या जागी हलायचा. तो बॉल त्याने आत घातला असता, हे मलासुद्धा कळत होतं.

मध्यंतराच्या थोडं आधी तो माझ्या कानाशी झुकून मराठीत म्हणाला, "आजी, तो लाइन्समन बघ ना, एकदम आंधळा आहे."

"मोठ्याने म्हण," मी म्हटलं. "बंगालीत. तो तिथेच उभा आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, लाइन्समनकडे बघितलं आणि खुर्चीत मागे सरकला.

मग मला मैदानापलीकडे, दोरीला टेकून उभा असलेला तो गोलकीपर दिसला. डमडमची टीम तर हरून गेली होती. त्याला येण्याचं काही कारण नव्हतं. नातवालाही तो दिसला असणार, कारण त्याचे आपटणारे गुडघे थांबले. पलीकडून त्याने हात वर केला. मी इकडून केला. हात माझ्यासाठी होता, आणि ते नातवाला कळलं. त्याने स्वतःचा हात उचलला नाही, मांडीखाली दाबून ठेवला. बरं केलं.

मध्यंतराची शिट्टी झाली. नातू उठला, म्हणाला, "पाणी पिऊन येतो," आणि नळ आमच्या मागे असताना मैदानाच्या कडेकडेने पलीकडे चालायला लागला. अर्ध्यावर, कॉर्नरच्या झेंड्यापाशी, थांबला. तिथेच उभा राहिला. पलीकडून कुणी पुढे आलं नाही, पण मागेही गेलं नाही. दुसरा हाफ सुरू होऊन रेफरीने हटकेपर्यंत तो तिथेच होता.